निजाम माघार का घेईल?

गेल्या महिन्यात आमच्या शनिवारच्या अड्ड्यात भांडण झालं. लुटुपुटीचं नाही, खरंखुरं. एक जण डाव अर्धा टाकून, आपले फासे पिशवीत भरून घरी निघून गेला. आणि भांडण कशावरून? तर १७९५ साली निजामाने माघार घ्यावी की नाही यावरून!

ज्यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स छापाचे खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्याची ताकद, अक्कल, शस्त्रं वगैरे एका कागदावर आकड्यांत लिहिलेली असतात. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करेल ते ठरवतात आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. अशा कुठल्याही अड्ड्यात दोन जाती सापडतातच. पॉवरगेमर नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेला असतो, त्याला कागदावरचा प्रत्येक आकडा जास्तीत जास्त करून जिंकायचं असतं. रोलप्लेअरला मात्र आपलं पात्र जगायचं असतं, मग त्यात हरलो तरी बेहत्तर. पहिला दुसऱ्याला नाटक्या म्हणतो, दुसरा पहिल्याला कारकुन्या.

या वादाची मुळं खेळाच्या जन्मातच आहेत. राइसविट्स नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. प्रत्येक गोळीबाराला तक्ता! पुढे १८७६ मध्ये फेर्दी द्यू फेर्न्वा या दुसऱ्या अधिकाऱ्याने सुचवलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच काय घडेल ते सांगेल. मग १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्ह वेस्लीने नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडताना गंमत केली. सैन्यांबरोबर गावातली माणसंही वाटली: महापौर, बँकर, कुलगुरू. प्रत्येकाचा स्वार्थ वेगळा. लढाई राहिली बाजूला, लोक एकमेकांशी कारस्थानं करत बसले. त्याच वर्तुळातल्या डेव्ह आर्नेसनने गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणलं. १९८० पर्यंत ग्लेन ब्लॅकोने खेळाडूंची चार प्रकारांत विभागणी करणारा लेखही लिहून टाकला होता, त्यात पॉवरगेमिंग आणि रोलप्लेइंग हे दोन प्रकार होतेच.

असो. ड्रॅगन मारून कंटाळा आला म्हणून मी खर्ड्याची लढाई मांडली. खर्डा म्हणजे नगर जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं गाव. सगळे मोठे मराठे सरदार पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र लढले ती ही शेवटची लढाई, मार्च १७९५. आकडे ग्रँट डफकडून घेतले: मराठे एक लाख तीस हजार, निजाम एक लाख दहा हजार. निजामाकडे फ्रेंच रेमंडची कवायती पलटण. माझ्या पॉवरगेमर मित्राने निजाम अली मागून घेतला आणि अर्ध्या तासात रेमंडला टेकडीवर असा काही बसवला की शिंद्यांच्या फौजेला पुढे सरकता येईना.

इथे मी इतिहासातला पत्ता टाकला. निजाम जनानखाना बरोबर घेऊन आला होता. ग्रँट डफ सांगतो की तोफांचा आवाज ऐकून बक्षी बेगम घाबरली आणि माघार घेतली नाही तर मी पडदा सोडून सर्वांसमोर येईन अशी धमकी तिने दिली. एकसष्ट वर्षांच्या निजामाने ऐकलं. रात्री पाण्यावर दोन्हीकडच्या तुकड्यांची चकमक उडाली, अंधारात गोळीबार पसरला, फौजेची दाणादाण उडाली आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. (पराभवाचं खापर बाईच्या डोक्यावर फोडायची सोय इतिहासकारांना फार आवडते, हे मलाही कळतं. पण माघार झाली हे खरं.)

मित्र म्हणाला, "माझा निजाम माघार का घेईल? मी जिंकतोय." मी म्हणालो, "कारण तू निजाम आहेस, एक्सेल शीट नाहीस." पुढचं वर सांगितलंच आहे.

अपराधी वाटत होतं म्हणून पुढच्या रविवारी एकटाच खर्ड्याला गेलो. निंबाळकरांचा तो भुईकोट. भिंती अजून भक्कम, पण आत उभं राहिलं की लगेच कळतं: एवढ्याशा जागेत पळून आलेलं सैन्य आणि पाण्याची टंचाई म्हणजे काय. निजामाला तह करावा लागला. परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, दौलताबादचा किल्ला, तीन कोटी रुपये आणि ओलीस म्हणून त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क.

हा मुशीरुल्मुल्क म्हणजे अवली माणूस. लढाईपूर्वी त्याने हैदराबादच्या दरबारात सोंगं आणवली आणि एकाला चक्क नाना फडणीस केलं! दरबार खदखदून हसला. तेव्हाचा रोलप्लेअरच म्हणा ना. पण खरी करामत पुढे. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून वारले आणि गादीसाठी झटापट सुरू झाली. प्रत्येक सरदार आपापला कागद भरायला लागला. नानांना महाडला पळावं लागलं, मित्र हवे होते, आणि १७९६ मध्ये त्यांनी निजामाच्या मदतीच्या बदल्यात खर्ड्याला मिळवलेला मुलूख परत द्यायचं आणि उरलेली बाकी सोडायचं कबूल केलं. कोणाशी बोलणी करून? त्याच मुशीरुल्मुल्कशी. बाजीरावाने नंतर तो करार मानायला खळखळ केली, पण ओलीस म्हणून आलेला माणूस सुटून हैदराबादला गेला होता.

एवढं मोठं सैन्य जे जिंकलं, ते एका कैद्याने दीड वर्षात बोलण्यावर पोखरलं. याला काय म्हणायचं, पॉवरगेमिंग की रोलप्ले? समोरच्याची नक्कल करण्याइतकं त्याला ओळखत असल्याशिवाय त्याला नेमकं काय हवंय हे कळत नाही. मी मित्राला जे सुनावलं ते अर्धंच होतं. मी त्याच्यावर बेगमेचा पत्ता टाकला, पण त्याच्या निजामाला बेगमेशी दोन शब्द बोलायची संधीच दिली नव्हती.

गेल्या शनिवारी त्याला फोन करून बोलावलं. आला, गाल फुगवूनच. मी नवा कागद पुढे सरकवला: मुशीरुल्मुल्क, मुक्काम पुणे, स्थिती ओलीस, सैन्य शून्य, तोफा शून्य.

त्याने तो दोनदा वाचला.

"शून्य?" तो म्हणाला. मग खुर्ची पुढे ओढून, "बरं, पुण्यात मला कोणाकोणाला भेटता येतं?"