‘एलिमेंटरी’ या विशेषणाचा इतिहास

१९०० सालच्या डिसेंबर महिन्यांत लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयानें एका खटल्याचा निकाल दिला. वरवर पाहतां तो एक हिशेबतपासनीस आणि एक शाळामंडळ यांच्यामधील पैशांचा तंटा होता. परंतु न्यायमूर्तींना निर्णय द्यावयाचा होता तो एका विशेषणाच्या अर्थाचा. तें विशेषण म्हणजे ‘एलिमेंटरी’. तीस वर्षांपूर्वींच्या कायद्यानें शाळामंडळांना ‘एलिमेंटरी’ शिक्षणासाठीं करदात्यांचा पैसा खर्चण्याचा अधिकार दिला होता. लंडनच्या मंडळानें त्या पैशांतून मुलांना विज्ञान शिकविलें, चित्रकला शिकविली, आणि रात्रीच्या वर्गांत प्रौढ माणसांनाहि बसवून घेतलें. या शिक्षणाला ‘एलिमेंटरी’ म्हणतां येईल काय, असा प्रश्न होता. शब्दार्थाच्या वादावर हजारों मुलांच्या शाळेचें भवितव्य अवलंबून असावें, असे प्रसंग इतिहासांत फार नाहींत. या शब्दाच्या अंगीं एवढें सामर्थ्य कोठून आलें, हें पाहण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

शब्द मूळचा लॅटिन. ‘एलेमेंटुम्’ याचा एक अर्थ मुळाक्षर, आणि दुसरा सृष्टीचा मूळ घटक. एल्, एम्, एन् या ओळीनें येणाऱ्या तीन अक्षरांच्या उच्चारांवरून तो बनला असें कांहीं विद्वान् मानतात. ‘ओं नमः सिद्धम्’ या मंत्राचा आपल्याकडे जसा ‘ओनामा’ झाला, तसाच हा प्रकार! व्युत्पत्ति मोहक आहे, पण सिद्ध झालेली नाहीं. ज्या ग्रीक शब्दाचें भाषांतर म्हणून रोमन लोक हा शब्द वापरीत, त्याचा संबंध ‘रांग’ या अर्थाच्या शब्दाशीं आहे, आणि त्यालाहि हेच दोन अर्थ होते. ल्युक्रेशियस या रोमन कवीनें त्या दोन अर्थांची गांठच घालून दिली : थोडक्याच अक्षरांच्या उलटापालटीनें जसे असंख्य शब्द होतात, तशा परमाणूंच्या उलटापालटीनें असंख्य वस्तु होतात. मराठींतील ‘मुळाक्षरें’ हा शब्दहि मूळ आणि अक्षर यांना असाच एकत्र बांधतो.

प्रारंभींच्या वस्तूंना लावण्याचीं विशेषणें इंग्रजींत पुष्कळ आहेत, आणि तीं एकमेकांच्या जागीं सर्रास घातलीं जातात. पण त्यांचीं कुळें वेगळीं आहेत. ‘रुडिमेंटरी’ हें विशेषण ‘रूडिस’, म्हणजे कच्चा, न घडविलेला, या शब्दापासून निघालें, आणि अपुरेपणाची छटा त्याला कायमची चिकटली. डार्विननें १८५९ च्या ग्रंथांत वाढ खुंटलेल्या व निरुपयोगी झालेल्या अवयवांना हेंच विशेषण लावलें आहे. ‘फंडामेंटल’ हें पायावरून आलें. पाया दिसत नसला तरी इमारतीचा भार त्याच्यावर असतो, म्हणून या शब्दाला मान आहे. ‘एलिमेंटरी’ मध्यें मुळांत कमीपणा मुळींच नव्हता. युक्लिडनें इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास भूमितीचे जे तेरा भाग रचले, त्यांच्या ग्रीक नांवाचा अर्थ ‘मूलतत्त्वें’ असाच आहे. परंतु बिंदु आणि रेषा यांपासून निघालेला हा ग्रंथ शेवटीं पांच सुसम घनाकृतींपर्यंत जाऊन पोंचतो. त्याला सोपा म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. १७८९ सालीं लाव्हाझिएनें रसायनशास्त्रावर जो युगप्रवर्तक ग्रंथ लिहिला, त्याच्या नांवांत हेंच विशेषण फ्रेंच वेषांत आहे. त्या ग्रंथांत ३३ मूलद्रव्यांची यादी असून प्रकाश आणि उष्णता यांनाहि तींत जागा मिळाली आहे. यादी पुढें बदलली; पृथक्करण जेथें थांबतें तें मूलद्रव्य, ही कसोटी मात्र टिकली. आणखी एक उदाहरण तर फार बोलकें आहे. १९४९ सालीं सेल्बर्ग आणि एर्डश या गणितज्ञांनीं मूळ संख्यांच्या वांटणीविषयींच्या प्रसिद्ध प्रमेयाच्या ज्या सिद्धता छापल्या, त्यांना गणिती ‘एलिमेंटरी’ म्हणतात. कारण इतकेंच कीं, त्यांत पूर्वींच्या सिद्धतांतील उच्च विश्लेषणाचीं साधनें घेतलेलीं नाहींत. समजावयास त्या सोप्या नाहींत. उलट अधिकच अवघड आहेत. विद्वानांच्या व्यवहारांत, तेव्हां, या विशेषणानें आरंभ कोठें होतो तें कळतें. शेवट कोठें होईल तें कळत नाहीं.

सामान्य व्यवहारांत ‘अगदीं सोपें’ हा अर्थ रूढ झाला. १८९३ च्या एका कथेंत शेरलॉक होम्स वॉटसनच्या उद्गाराला या एकाच शब्दानें उत्तर देतो. त्याला ‘माय डियर वॉटसन’ हें शेपूट जोडून लोकांनीं जें वाक्य होम्सच्या तोंडीं घातलें, तें कॉनन डॉइलच्या कथांत कोठेंहि सांपडत नाहीं. पण हा अर्थ निरुपद्रवी आहे. उपद्रव झाला तो तिसऱ्या अर्थाचा, आणि तो अर्थ सरकारी दप्तरांत जन्मास आला.

१८५८ सालीं इंग्लंडांत लोकशिक्षणाच्या चौकशीसाठीं न्यूकॅसल कमिशन नेमलें गेलें. सर्व वर्गांच्या लोकांना भक्कम आणि स्वस्त असें ‘एलिमेंटरी’ शिक्षण कसें देतां येईल, तें त्यानें सांगावयाचें होतें. ‘स्वस्त’ हें विशेषण ‘एलिमेंटरी’च्या शेजारीं येऊन बसलें तें येथें, आणि तें पुढें लवकर उठलें नाहीं. १८६२ सालीं रॉबर्ट लो यानें शाळांच्या अनुदानाचे नवे नियम केले. इन्स्पेक्टरानें यावें, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि हिशेब या तीन विषयांत परीक्षा घ्यावी, आणि ज्या विषयांत मूल नापास होईल त्या विषयामागें दोन शिलिंग आठ पेन्स कापून घ्यावे! शिक्षकाच्या मिळकतीचा या रकमेशीं निकट संबंध असल्यानें इतिहास, भूगोल आदि विषय मागें पडले, आणि मुलें वाचनाचें पुस्तक अर्थ न कळतां पाठ म्हणूं लागलीं. स्वतः शाळा-इन्स्पेक्टर असलेला मॅथ्यू आर्नोल्ड या पद्धतीवर टीका करीत राहिला, पण ती पद्धति पुरी मोडावयास शतकाची अखेर यावी लागली.

या पार्श्वभूमीवर १८७० सालीं फॉर्स्टरनें ‘एलिमेंटरी एज्युकेशन ॲक्ट’ संमत करून घेतला. जेथें शाळा नव्हत्या तेथें लोकनियुक्त मंडळांनीं कराच्या पैशांतून शाळा काढाव्यात, ही त्या कायद्याची थोर कामगिरी. तिचें महत्त्व कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांतील व्याख्या वाचण्यासारखी आहे. जेथें मुख्यतः एलिमेंटरी शिक्षण दिलें जातें ती एलिमेंटरी शाळा, असें कायदा सांगतो. पण एलिमेंटरी शिक्षण म्हणजे काय, तें सांगतच नाहीं. त्याऐवजीं तो एक आंकडा देतो : ज्या शाळेची नेहमींची फी आठवड्याला नऊ पेन्सांहून अधिक असेल ती शाळा एलिमेंटरी नव्हे. विषय कोणते, इयत्ता किती, बुद्धीचा पल्ला कोठवर, याचा उल्लेख नाहीं. मोजमाप झालें तें आईबापांच्या खिशाचें. युक्लिडच्या ग्रंथाला शोभलेलें विशेषण अशा रीतीनें नऊ पेन्सांच्या आंतील मुलांच्या नांवापुढें लागलें.

व्याख्या मोघम असल्याचा फायदा मात्र तीस वर्षें मुलांनाच मिळाला. शेफील्ड, ब्रॅडफर्ड, लीड्स येथील मंडळांनीं हुशार मुलांसाठीं वरच्या दर्जाच्या शाळा काढल्या, आणि तेथें कारागिरांचीं मुलें रसायन, यंत्रशास्त्र, भाषा हे विषय शिकूं लागलीं. कायद्यानें छप्पर घातलेलें नाहीं, मग आपण कां घालावें, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. परंतु जुन्या ग्रामर शाळांना ही स्पर्धा खपली नाहीं. रॉबर्ट मोरंट या शिक्षणखात्यांतील अधिकाऱ्यानें १८९८ सालीं स्वित्झर्लंडमधील शिक्षणावरील एका अहवालांत जातां जातां सुचविलें कीं, मंडळांच्या या खर्चाला कायद्याचा आधार नसावा. दुसऱ्याच वर्षीं कॉकर्टन नांवाच्या सरकारी हिशेबतपासनिसानें लंडनच्या मंडळाचा तसा खर्च नामंजूर केला आणि तो सभासदांच्या अंगावर टाकला.

हाच तो प्रारंभीं सांगितलेला खटला. न्यायालयानें मंडळाविरुद्ध निकाल दिला, आणि १९०१ च्या एप्रिलमध्यें वरिष्ठ न्यायालयानें तोच कायम केला. मुलांना सरकारी नियमावलीपलीकडील विज्ञान व कला शिकविणें आणि प्रौढांना शिकविणें, हा खर्च ‘एलिमेंटरी’ शिक्षणाचा नव्हे, असें ठरलें. निकाल कायद्याला सोडून होता असें म्हणतां येणार नाहीं. पण ज्या शब्दाला वरची मर्यादा नव्हती त्याला ती त्या दिवशीं मिळाली, हेंहि खरें. चालू वर्ग बंद पडूं नयेत म्हणून पार्लमेंटला घाईनें तात्पुरता कायदा करावा लागला. १९०२ सालीं बॅल्फरच्या कायद्यानें शाळामंडळेंच मोडलीं, आणि इंग्लंडचें शिक्षण ‘एलिमेंटरी’ आणि ‘एलिमेंटरीखेरीज इतर’ अशा दोन कप्प्यांत विभागलें. पहिल्या कप्प्यांतून दुसऱ्यांत जाण्याचा जिना अरुंद होता. त्यानंतर त्या शब्दाला लागलेला डाग धुऊन निघेना. १९२६ सालीं हॅडो समितीनें तो शब्दच टाकून ‘प्रायमरी’ घ्यावा अशी शिफारस केली, आणि १९४४ च्या बटलर कायद्यानें शिक्षणाच्या एकापुढें एक येणाऱ्या तीन पायऱ्या ठरवितांना पहिलीला ‘प्रायमरी’ म्हटलें. अमेरिकेंत ‘एलिमेंटरी स्कूल’ हा शब्द आजहि बिनदिक्कत चालतो. तेथें त्याला नऊ पेन्सांचें शेपूट नव्हतें!

हिंदुस्थानांत हीं दोन्ही विशेषणें इंग्रजी कागदपत्रांबरोबर आलीं, आणि त्यांच्याबरोबर तो वादहि आला. १८८२ च्या हंटर कमिशननें प्राथमिक शिक्षणाचें जें वर्णन केलें, त्याचा आशय असा कीं, जनसमूहाला देशी भाषेंतून, त्यांच्या जीवनांतील दर्जाला साजेल असे विषय शिकवावेत. तें विश्वविद्यालयाकडे नेणाऱ्या वाटेचा भाग असलेंच पाहिजे असें नाहीं. शब्द ‘प्रायमरी’, पण वृत्ति १८६२ चीच. त्याच कमिशनपुढें पुण्याहून जोतीराव फुले यांनीं निवेदन पाठविलें होतें. सरकारी महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गांना होतो, ही त्यांची तक्रार. आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें असावें, ही मागणी. त्यांनीं सुचविलेल्या अभ्यासक्रमांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य एवढे विषय होते. लोच्या तीन विषयांशेजारीं ही यादी ठेवली म्हणजे आरंभाचें शिक्षण म्हणजे थोडें शिक्षण नव्हे, हें जोतीरावांनीं किती स्पष्ट ओळखलें होतें तें दिसतें.

गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १६ मार्च १९११ रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत ‘एलिमेंटरी एज्युकेशन बिल’ आणलें, तें इंग्लंडच्या १८७० व १८७६ च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यांवर बेतलेलें होतें. मागणी फारच सौम्य होती : स्थानिक संस्थांना वाटल्यास, आणि सरकारनें परवानगी दिल्यास, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेंत येणें सक्तीचें करावें. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असणाऱ्या आईबापांकडून फी घेऊं नये, असेंहि त्यांत होतें. आईबापांच्या खिशाचा विचार येथेंहि आहे. पण तो शाळेची प्रत ठरविण्यासाठीं नव्हे, तर फीची धोंड दूर करण्यासाठीं. निरक्षरता घालविणें हें पहिलें काम, गुणवत्तेचा प्रश्न नंतरचा, अशी गोखल्यांची भूमिका होती. जोतीरावांच्या यादीपुढें ती आंखूड वाटते, परंतु सरकारला तीहि लांब वाटली. १९ मार्च १९१२ रोजीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें बिल फेटाळलें गेलें. बडोद्यास मात्र सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्ति सुरू करून १९०६ सालीं ती सर्व संस्थानाला लागू केलेली होती, आणि १९१७ सालीं कोल्हापुरास शाहू महाराजांनीं तेंच केलें. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेनंतर ‘बेसिक’ हें आणखी एक विशेषण शिक्षणांत शिरलें. त्याचा इतिहास स्वतंत्र आहे.

२३ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत या विशेषणांचा प्रश्न पुन्हां निघाला. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याविषयींच्या कलमांत ‘प्रायमरी’ शब्द घालून त्याला मर्यादा घालावी, अशी उपसूचना आली. डॉ. आंबेडकरांनीं ती मान्य केली नाहीं. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्याची बंदी घटना करीत आहे. मग तें मूल तेवढ्या वयापर्यंत शाळेंतच असलें पाहिजे, आणि म्हणून या कलमांत तें विशेषण बसत नाहीं, असें त्यांचें उत्तर होतें. कलमाच्या आरंभीं मोफत ‘प्रायमरी’ शिक्षणाचा जो उल्लेख होता, तोहि लक्ष्मीकांत मैत्र यांच्या सूचनेप्रमाणें गाळला गेला. ४५ वें कलम संमत झालें तें विशेषणावांचून. कलमानें दिलेली दहा वर्षांची मुदत उलटून गेली तरी काम अपुरें राहिलें, हा दोष व्याकरणाचा नव्हता.

विशेषण परत आलें तें २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यांत, आणि या वेळीं व्याख्येसह : ‘एलिमेंटरी’ शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी. फी नाहीं, मिळकत नाहीं, विषयांची यादी नाहीं. केवळ आठ इयत्ता. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा अमलांत आला. महाराष्ट्रांत तोंवर प्राथमिक शाळा चौथीपर्यंत आणि उच्च प्राथमिक सातवीपर्यंत, अशी घडी बसलेली होती. नव्या रचनेंत त्या सीमा पांचवी आणि आठवी येथें सरकल्या, आणि खेड्यापाड्यांतील चौथीवर थांबणाऱ्या शाळांना पांचवीचा, व सातवीवर थांबणाऱ्या शाळांना आठवीचा वर्ग कोठें भरवावा याची विवंचना पडली.