दोन साउंड कार्डं आणि आईच्या ओव्या

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्यांतल्या काही बाया गाताना ध्वनिमुद्रितही झाल्या. माझ्या आईच्या ओव्या मात्र एका कॅसेटवरच होत्या. ती संगणकात उतरवायची म्हणून यूएसबीचं साउंड कार्ड आणलं. संगणकाचं स्वतःचं एक होतंच, मॉनिटरच्या एचडीएमआय केबलचं दुसरं. हे तिसरं.

पहिल्या दिवशी काम झकास सुरू झालं. दहा मिनिटांत लाईट गेली! आल्यावर बघतो तर आवाजाचा सर्व्हर उभाच राहीना. उठायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. नातवाला फोन केला, तर म्हणाला, "आजोबा, लॉग वाचा." आयुष्यभर मुलांना धडा नीट वाचा म्हणून सांगितलं, आता आपली पाळी.

वाचता वाचता या सर्व्हरचा इतिहासच हाती लागला. लिनक्स 1991 चं. सुरुवातीला त्याला आवाज दिला तो फिनलंडच्याच हानू साव्होलाइनेन यांनी. त्या जुन्या पद्धतीत बहुधा एका वेळी एकच प्रोग्रॅम कार्ड धरून बसे. गाणं चालू असेल तर दुसऱ्यानं गप्प बसायचं. पुढे यारोस्लाव्ह किसेला यांनी अल्सा सुरू केलं आणि डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या कर्नल 2.6 मध्ये ते आतच आलं. पण सगळ्या प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र करून योग्य कार्डाकडे धाडणारा मध्यस्थ हवा होता. लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ 2004 चा. नोव्हेंबर 2007 मध्ये फेडोरा 8 नं तो स्वीकारला आणि लोकांनी भरपूर शिव्याही घातल्या! कारण ड्रायव्हरमधले जुने दोष त्याच्यामुळे उघडे पडले. बोलणी खाल्ली मात्र मध्यस्थानं. आपल्याकडेही सोयरीक मोडली की तसंच होतं. आता त्याची जागा विम टायमन्स यांच्या पाइपवायरनं बरीचशी घेतली आहे. फेडोरा 34 मध्ये ते एप्रिल 2021 ला आलं. माझ्या जुन्या यंत्रावर मात्र पल्सऑडिओच.

असो. माझा घोटाळा असा. कार्डांना क्रमांक मिळतात ते ज्या क्रमानं ती सापडतात त्या क्रमानं. सेटिंगच्या फायलीत मी लिहिलं होतं, 'एक नंबरच्या कार्डावरून आवाज घे.' लाईट येऊन यंत्र पुन्हा सुरू झालं, तेव्हा एक नंबर एचडीएमआयला गेला होता. त्याला आवाज आत घेण्याची सोयच नाही. ती एक ओळ फसली की सर्व्हर सगळं काम सोडून बंद पडतो. लगेच कुणी प्रोग्रॅम त्याला पुन्हा उठवतो, तो पुन्हा पडतो.

वर्गात हजेरीचे क्रमांक दरवर्षी बदलतात, म्हणून मी मुलांना नावानं हाक मारायचो. इथंही तेच केलं. क्रमांक खोडून कार्डाचं नाव लिहिलं. तेव्हापासून कितीदा लाईट गेली, सर्व्हर पडला नाही.

पण हे उमगेपर्यंत मी कॅसेट चार वेळा मागेपुढे केली होती. पाचव्यांदा फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंतली आणि चुरगळली. पहिली बाजू पूर्ण मिळाली. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओव्या गेल्या. लॉगमध्ये कारण पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं. मी आधी वाचलं असतं तर...

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी आधी यंत्र दुसऱ्या एखाद्या टेपवर तपासावं, बंद करून पुन्हा सुरू करून बघावं, आणि मगच आईचा आवाज लावावा. भावंडांपैकी कुणाला त्या गेलेल्या ओव्या आठवत असतील तर जरूर कळवा. निदान लिहून तरी ठेवू.