केचपांतील साखर

गिरगांवांतील आमच्या स्वयंपाकघरांत टोमॅटोच्या सारांत गुळाचा एक खडा पडत असे. आंबटपणा मोडावा, एवढेंच त्याचें काम. आज दादर-लालबागचीं मुलें वड्यालाच काय, पोळीलाही केचप लावतात. त्या केचपांत साखर कशी आली?

केचप मूळचें टोमॅटोचें नव्हे. दक्षिण चीनकडील मुरविलेल्या माशांच्या खारट रसाचें तें नांव. इंग्रज व्यापाऱ्यांनीं तें विलायतेस नेलें. 1812 सालीं फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेम्स मीज यांनीं टोमॅटोच्या केचपाची कृति छापली. तींत मीठ, मसाला व थोडी ब्रँडी होती, साखर नव्हती. पुढें कारखाने निघाले आणि माल टिकावा म्हणून त्यांत बेंझोएट नांवाचें रसायन पडूं लागलें. त्याविरुद्ध अमेरिकेंत ओरड झाली. 1906 सालीं शुद्ध अन्नाचा कायदा झाला, आणि त्याच सुमारास हाइन्झ कंपनीनें रसायन सोडून पिकलेलीं फळें घेतलीं व शिर्का आणि साखर वाढविली. साखर आली ती मालाची राखणदार म्हणून. मागाहून जीभ तिला सरावली.

तीच चव आपल्या घरींही आली आहे. 100 ग्रॅम टोमॅटोंत साखर सुमारें अडीच ग्रॅम; तितक्याच केचपांत बहुधा 20 ते 25 ग्रॅम. म्हणजे एका मोठ्या चमच्यामागें चहाचा एक चमचा साखर मुलाच्या पोटांत जाते. सारांतला खडा आई हातानें मोजून घालीत असे. बाटलीवर साखरेचा आंकडा हल्लीं छापलेला असतो; तो वाचूनच ती मुलांपुढें ठेवावी, इतकेंच सुचवून रजा घेतों.