उसाची घाई आणि उष्णतेचे गणित

मुदखेडच्या पंचक्रोशीत ऊस कोणी पाहिला नाही असे नाही. तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु ही घाई कोठून आली? कामगार चळवळीत वावरताना आम्हांला हा प्रश्न पडला, आणि उत्तर शोधू जाता आम्ही रसायनशास्त्राच्या इतिहासात पोहोचलो.

साखरेच्या पाण्यात आम्ल घातले की साखर फुटून तिच्या द्राक्षशर्करा व फलशर्करा होतात. या मिश्रणाचा साखरेसारखा दाणा बनत नाही. ते मळीत जाते. ध्रुवित प्रकाश साखरेच्या पाण्यातून उजवीकडे वळतो, फुटलेल्या साखरेतून डावीकडे. हा वळसा मोजून १८५० साली जर्मनीच्या लुडविग विल्हेल्मी यांनी या क्रियेचा वेग ठरविला. पुढे तीसएक वर्षे त्यांच्या कामाची फारशी दखल कोणी घेतली नाही.

१८८९ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी याच साखरेवरून उष्णतेचे गणित मांडले. सगळेच रेणू फुटावयास सिद्ध नसतात. पुरेशी ऊर्जा असलेले थोडेच असतात. पण तापमान थोडे चढले की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. आम्लातील साखर २५ अंशांपेक्षा ३५ अंशांवर सुमारे चौपट वेगाने फुटते!

कारखान्यांनी याची सावधगिरी सूत्राच्या आधीच घेतली होती. इंग्लंडच्या हॉवर्ड यांनी १८१३ च्या सुमारास निर्वात कढई काढली, तीत रस कमी तापमानावर उकळतो. रसात चुना घालून आम्लताही मारतात.

तोडलेल्या उसात हेच काम त्याच्या अंगची विकरे व जंतू करतात, आणि उन्हाळ्यात ती अधिक वेगाने चालतात. तेव्हा घाई खरी आहे. ती कोणाची लहर नव्हे. मात्र या घाईचा भार कोणी उचलावयाचा, हे निसर्ग ठरवीत नाही. ऊसतोड मजुराची मजुरी टनावर असते. वाहन रांगेत थांबले की ऊस वाळतो, वजन घटते, आणि तोटा कोयता चालविणाऱ्याच्या पदरी पडतो. रांग मात्र त्याने लावलेली नसते. वाहन रात्री आले, तर मोळ्या भरावयास त्यालाच झोपेतून उठावे लागते.

साखर फुटण्याचा वेग माणसाने काटेकोर मोजला. तोड, वाहने आणि गाळप यांचा मेळ तितक्याच काटेकोरपणे घालावा, आणि रांगेतली घट मजुराच्या हिशेबातून वगळावी. शास्त्राचा इतिहास वाचून आम्ही एवढीच मागणी शिकलो.