डुक्कर, उंदीर आणि सहसंसर्गाचा शोध

परजीवी कृमी आणि विषाणू यांसारखे दोन रोगकारक एकाच शरीरात एकाच वेळी असण्याला सहसंसर्ग म्हणतात. अमेरिकेत 1931 मध्ये डुकरांच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू दाखवून देणाऱ्या रिचर्ड शोप यांनी पुढे असे मांडले की, दोन साथींच्या मधल्या काळात हा विषाणू गांडुळांत वाढणाऱ्या फुफ्फुसकृमींच्या अळ्यांमध्ये दडून राहतो. हे अनुमान सर्वमान्य झाले नाही, तरी दोन रोगकारकांचा एकत्रित विचार त्यातून पुढे आला. 1993 मध्ये शिस्टोसोमा या रक्तकृमीची बाधा झालेल्या उंदरांच्या शरीरातून व्हॅक्सिनिया विषाणू उशिरा नाहीसा होतो, असे आढळले. तर 2014 मध्ये आतड्यातील कृमींमुळे इंटरल्युकिन-4 हे पेशींना संदेश देणारे प्रथिन वाढून उंदरांतील सुप्त हर्पीसविषाणू पुन्हा सक्रिय होतो, हे दिसून आले. कृमिबाधा सर्रास असलेल्या गरीब वस्त्यांसाठी लसी आखताना हे ज्ञान अत्यंत मोलाचे आहे.