आईची साक्ष

गेले सहा-सात महिने एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. वय वर्षं २७, नोकरी बरी चाललीय, घरभाडं वेळेवर जातंय, कुणाचं काही अडलेलं नाही. अशा माणसाने आता उठून स्वतःचं ऑटिझमचं निदान करून घ्यावं का? मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. (मला तो शब्द फारसा पटत नाही. स्वतःत मग्न असते तर ऑफिसातल्या ट्यूबलाइटची गुणगुण मलाच तेवढी कशी ऐकू येते? पण असो.)

आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर मावशी लगेच फोन करून विचारेल. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच मी कान झाकून उभी असायचे. लग्नघरात मंगलाष्टकं संपली की मी सामानाच्या खोलीत सापडायचे. चौथीत रेल्वेचं वेळापत्रक पाठ केलं होतं, कुठेही जायचं नसताना. शाळेत मैत्रिणी कशा बोलतात ते बघून तसं बोलायला शिकले, अगदी कुठे हसायचं यासकट. अजूनही मीटिंगला जाण्याआधी दोन-तीन वाक्यं तयार ठेवते, आणि घरी आल्यावर तासभर दिवा न लावता पडून राहते. घरात यासाठी शब्द होतेच. आजी म्हणायची घुमी, मामा म्हणायचा एककल्ली, शाळेतल्या बाई म्हणायच्या शिष्ट. काम भागत होतं.

तर चौकशी केली. यासाठी रक्ताची तपासणी नसते. तज्ज्ञ तुमच्याशी बोलतात, तुमचं निरीक्षण करतात आणि मग लहानपणाकडे वळतात. स्वमग्नता मोठेपणी होत नाही; असली तर पहिल्यापासून असते. मूल चार-पाच वर्षांचं असताना कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे सांगणारं कुणीतरी लागतं. म्हणून मला फोनवर सांगण्यात आलं की जमल्यास आईला घेऊन या. म्हणजे हे गुपचूप उरकता येणार नव्हतं. आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

मी नाही म्हटलं. पण नुसत्या 'नाही'ने आईचं समाधान होत नसतं. मग मी माझ्या पद्धतीने इतिहास वाचत बसले. (एककल्ली! :) ) हा प्रश्न तिला एकटीला पडलेला नाही, जवळजवळ तीस वर्षं तो जगातल्या कितीतरी आयांना डॉक्टरांनीच विचारायला लावला होता, हे त्यातून कळलं. ही नोंद मुख्यतः तिच्यासाठी आहे. तिने वाचून "टाक" म्हटल्यावरच टाकतेय.

'ऑटिझम' हा शब्द १९११ साली स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांच्या पुस्तकात येतो, पण तो स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून. ग्रीक 'ऑटॉस' म्हणजे स्वतः. आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो तिचं ओळखू येईल असं वर्णन १९२५ मध्ये मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी केलं. त्यांनी सहा मुलगे बारकाईने पाहिले होते, आणि पुढे मुलींवरही लिहिलं. ते लेखन जर्मन भाषेत छापूनही आलं, तरी इंग्रजी जगाने ते सत्तर वर्षं जवळजवळ वाचलंच नाही. मुलींचा विषय तिथेच मागे राहिला.

जगाला माहीत झालं ते १९४३ मध्ये. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर लेख लिहिला. ८ मुलगे, ३ मुली. त्यातला पहिला होता मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा डोनाल्ड. आणि इथेच आईला सांगण्यासारखी पहिली गोष्ट आहे. कॅनरनी डोनाल्डला पाहिलं १९३८ साली, पण त्याआधी त्यांच्या हातात एक पत्र पडलं होतं. डोनाल्डच्या वकील वडिलांनी मुलाबद्दल ३३ पानं लिहून पाठवली होती. तो काय खातो, काय पाठ म्हणतो, काय फिरवत बसतो, कुणाकडे बघत नाही, सगळं. वैद्यकशास्त्रातलं हे निदान एका घरातल्या टिपणांवर उभं आहे.

कॅनरनी त्या लेखाच्या शेवटी लिहिलं की ही मुलं जन्मतःच अशी असावीत. मात्र त्याच लेखात, या गटात मायाळू आईवडील फार थोडे दिसले अशीही एक नोंद केली. पुढे १९४९ मध्ये त्यांनी या मुलांच्या घरच्या वातावरणाला थंड फ्रिजची उपमा दिली. झालं! 'फ्रिजसारखी आई' हा शब्दप्रयोग रूढ झाला. शिकागोत अशा मुलांची शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात तर याचा सिद्धान्तच केला. ते स्वतः नाझींच्या छळछावणीत राहिलेले होते, आणि या मुलांच्या अवस्थेची तुलना त्यांनी तिथल्या कैद्यांशी केली. या उपमेत पहारेकरी कोण, ते वेगळं सांगायला नको. ज्या आईबापांच्या साक्षीवर निदान उभं राहिलं, तेच आरोपी झाले.

हे उलटवलं कुणी? पुन्हा आईबापांनीच. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. मुलगा स्वमग्न होता म्हणून सगळं वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं, की कारण संगोपनात नाही, शरीरात आहे. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत स्वतः कॅनरनी आईवडिलांना दोषमुक्त जाहीर केलं. १९७७ मध्ये लंडनला सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास छापला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघंही स्वमग्न निघाले, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नाही. अभ्यास लहान होता, पण आनुवंशिकतेकडे बोट त्याने दाखवलं आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी ते पक्कं केलं. तर आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. 'नाही' म्हणायला जगाला साधारण १९४३ ते १९७७ इतका वेळ लागला. (आनुवंशिक म्हटल्यावर बाबांच्या काकांचं नाव तुझ्या डोळ्यासमोर आलं असणार. माझ्याही आलं.)

आता दुसरा प्रश्न: मग लहानपणी कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? कारण तेव्हा बघण्याची चौकटच वेगळी होती. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं डीएसएम नावाचं निदानपुस्तक आहे. त्याच्या १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत अशी मुलं बालपणीच्या स्किझोफ्रेनियात जात. १९८० मध्ये 'शैशवातला ऑटिझम' आला, पण लक्षणं अडीच वर्षांच्या आत दिसायला हवीत अशी अट होती. १९८१ मध्ये लंडनच्या लॉर्ना विंग यांनी व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांचं १९४४ चं विस्मरणात गेलेलं काम पुढे आणलं. बोलता येणारी, हुशार, पण माणसांत अवघडणारी मुलं त्यात होती. विंग स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. (पुन्हा आई.) १९९४ मध्ये 'आस्पर्गर' हे निदान पुस्तकात शिरलं आणि २०१३ मध्ये बाहेरही गेलं, सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एका नावाखाली आलं. म्हणजे मी, हीच मी, १९८५ साली आठ वर्षांची असते तर मला नाव नसतं. प्रत्यक्ष आठ वर्षांची असताना कुणी तज्ज्ञाकडे नेलं असतं तर कदाचित 'आस्पर्गर' म्हटलं असतं. आज ते नावच नाही.

आणि मी मुलगी. आस्पर्गरनी सविस्तर मांडलेले चारही मुलगेच होते. पुढची कित्येक वर्षं चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण सांगितलं जाई. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात ते तीनास एकच्या जवळ निघालं. जिथे संशोधकांनी स्वतः शोध घेतला तिथे मुली जास्त सापडल्या. म्हणजे बऱ्याच मुली दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. २०१३ च्या आवृत्तीत एक महत्त्वाची गोष्ट नोंदली आहे: लक्षणं लहानपणापासून असायला हवीत, पण बाहेरच्या अपेक्षा वाढेपर्यंत ती पुरती दिसणार नाहीत किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील, असंही होऊ शकतं. कुठे हसायचं हे पाठ करणारी मुलगी घुमी ठरते, फार तर शिष्ट.

इथवर वाचून वाटेल की मग जा आणि निदान करून ये. पण याच इतिहासाची एक काळी बाजू आहे, आणि आत्याला ती बरोबर जाणवलीय. ती म्हणाली, "कागदावर कशाला आणायचं? उद्या लग्नाचं बघायचंय." लग्नाचं राहू दे, पण कागदाची भीती काही खोटी नाही. आस्पर्गर नाझी राजवटीत व्हिएन्नात काम करत होते. 'आपल्या' मुलांना वाचवणारे म्हणून त्यांची ख्याती होती. २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं, की त्यांनी काही मुलांना श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. तिथे १९४० ते १९४५ या काळात जवळजवळ ८०० मुलं मेली. कित्येकांना औषधं देऊन मारलं. डॉक्टरच्या एका ओळीवर मूल इकडे किंवा तिकडे जात होतं. आजचा काळ तो नाही, देश तो नाही. तरी कागद कशासाठी आणि कुणाच्या हातात, हे विचारलंच पाहिजे.

आपल्याकडे तो कागद काय करतो? १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तिला जागा मिळाली. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात, नजरेला नजर न देणं हा त्यातलाच एक मुद्दा. आरक्षण आणि बऱ्याच सवलतींना अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक लागतं. मी तिथवर पोचेन असं वाटत नाही, आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्या रांगेत मला उभंही राहायचं नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: निदान वेगळं, प्रमाणपत्र वेगळं. निदान करून घेतलं म्हणजे सरकारदरबारी नाव लागलंच पाहिजे असं नाही. तो कागद माझ्या कपाटात राहू शकतो.

मग कपाटातल्या कागदाचा उपयोग काय, असं मामा विचारेल. तर तो डोनाल्ड. पुढे त्याने गावातल्या घरच्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. हे सगळं निदानाने झालं नाही. घरचे पैसेवाले होते, आणि गावाला तो माहीत होता. तो असाच आहे हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. मला हवंय ते साधारण एवढंच. माझ्या गावाला, म्हणजे तुम्हाला, मी तशी माहीत आहे. पण मला स्वतःला नीट माहीत नाही. संध्याकाळी अंधारात पडून राहते तेव्हा मी आळशी असते की थकलेली, हे गेली कित्येक वर्षं मी ठरवू शकलेली नाही. 'शिष्ट' या शब्दाला त्याचं उत्तर देता येत नाही. दुसऱ्या एखाद्या शब्दाला आलं तर बघू. तज्ज्ञ "नाही, तसं काही नाही" म्हणाले तरी तेही उत्तरच.

तेव्हा पुढच्या महिन्यातली वेळ घेतली आहे. आई येतेय. तिने माझ्या लहानपणाबद्दल आठवेल तसं वहीत लिहायला घेतलंय, नऊ पानं झाली आहेत. मी तीनदा सांगितलंय की चांगलंच लिहायचं नाही, खरं लिहायचं. मामा, आत्या, मावशी, तुम्हालाही काही आठवत असेल तर कळवा. कान झाकण्याचं सगळ्यांनी सांगून झालंय, दुसरं काही. आणि आत्या, फोन आईला नको, मला कर. संध्याकाळी आठनंतर.