अग्रनगर

देशातील वा प्रदेशातील अन्य सर्व नगरांना लोकसंख्या, व्यापार व प्रभाव ह्या बाबतींत फार मागे टाकणारे नगर. ही संकल्पना अमेरिकन भूगोलज्ञ मार्क जेफरसन ह्याने १९३९ मध्ये मांडली. असे नगर दुसऱ्या क्रमांकाच्या नगराच्या किमान दुप्पट असते आणि एकदा ते पुढे गेले, की भांडवल, विद्या व कर्तबगार माणसे तिकडेच ओढली जाऊन अंतर वाढत राहते, असे त्याचे प्रतिपादन होते. लंडन व बँकॉक ही ह्याची ठळक उदाहरणे होत.

भारतात असे एकच नगर निर्माण झाले नाही. ब्रिटिश अमदानीत कलकत्ता, मुंबई व मद्रास ह्या बंदरांनी आपापले पृष्ठप्रदेश वाटून घेतले. पुढे दिल्ली राजधानी झाली. महाराष्ट्रापुरते मात्र मुंबई हे निर्विवाद अग्रनगर ठरते. १९६१ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या ४१,५२,०५६, तर नागपूरची सु. ६·४ लक्ष होती.

ह्या आघाडीत हद्दवाढीचा वाटा किती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १९५१ मध्ये मूळ मुंबई बेटावर २३,२९,०२० लोक होते. पुढील वाढीव हद्दीने मोजल्यास त्याच वर्षीचा आकडा २९,९४,४४४ होतो. केवळ रेषा सरकल्याने पडलेली ही भर त्या वेळच्या अवघ्या नागपूरहून मोठी होती.

साष्टी बेटावरील भांडुप ह्या रेषेच्या वाटेत आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे रम गाळण्याचा मोठा कारखाना होता, म्हणजे गावाला स्वतःचा उद्योग होता. सरकारी मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये येथे आला असता त्यास मुंबई ठाणे, कल्याण व घाटांशी लोहमार्गाने जोडण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली. १८५४ मध्ये कावसजी दावर ह्यांनी कापडगिरणी स्थापन केली. अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१–६५) कापसाचा पैसा आला आणि देशावरचा माल व कोकणचा मजूर मुंबईकडे वाहू लागला. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द मध्य रेल्वेच्या बाजूस भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत गेली. पाठोपाठ एशियन पेंट्स, सिएट टायर असे कारखाने येथे आले. कामगारांनी मिळेल तेथे, टेकड्यांच्या उतारांवरही, घरे बांधली.

मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग भांडुप जलशुद्धीकरण केंद्रातून जातो. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने ते पाण्याखाली गेले व निम्म्याहून अधिक नगराचा पुरवठा खंडित झाला. हे पाणी ज्या धरणांतून येते, त्यांपैकी तानसा व भातसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो.

२०११ मध्ये मुंबई (१,२४,४२,३७३) पुण्याच्या (३१,२४,४५८) चौपट होती. आघाडी घटलेली दिसते. परंतु ठाणे (१८,४१,४८८) व कल्याण-डोंबिवली (१२,४७,३२७) ही मुंबईच्या रोजगारावर पोसलेली नगरे वेगळी मोजली जातात, जसे १९५० पूर्वी भांडुप मोजले जाई.